घड्याळामागची भिंत

मडगावच्या बाजारामागे, सुक्या मासळीचा वास जिथे संपतो
आणि शिलाईयंत्रांचा आवाज सुरू होतो,
तिथे एक मशीद आहे.
एकेचाळीस वर्षं मी याच गावात,
पण रस्त्यावरून ती मला पतपेढीच वाटायची:
लोखंडी सरकता दरवाजा, मीटरची पेटी,
कुलपं घातलेल्या चार सायकली.

करोलबाबांचा निरोप आला, घड्याळ थांबलंय.
जोहर आणि असरच्या मधे या. शिडी आहे.
माझ्याकडे ओढणी नव्हती. ते काही बोलले नाहीत.
मीच डोक्याला बांधला घड्याळं पुसायचा रुमाल,
रॉकेलचा वास मारणारा,
आणि चपला काढल्या.

आत गार.
तांबडा कोबा, इतका घोटलेला
की छताच्या तुळया त्यात पोहत होत्या.
तुळयांना खिळ्यांची जुनी भोकं.
फुटलेल्या गलबताची लाकडं म्हणे.
'म्हणे' करोलबाबांचं, मी फक्त भोकं मोजली.

खिडक्यांना काच नाही, शिंपल्यांचे चौकोन,
बोर्ड्याकडच्या जुन्या घरांना असतात तसेच.
त्यांतून ऊन येतं
पेजेच्या निवळीसारखं,
आणि आठ खांबांपैकी चारांवरच पडतं.
उरलेले चार सकाळचे, करोलबाबा म्हणाले,
जणू पाळ्या लावल्यात.

मेहराबला फुटक्या बशांची नक्षी.
निळी वेल, निळी कमान, अर्धं जहाज,
आणि मधेच एक कोरा पांढरा तुकडा.
"त्यावर पक्षी होता," ते म्हणाले,
"गवंड्याने त्याचं तोंड भिंतीकडे केलं."
मग जरा थांबून,
"बशी मात्र टाकली नाही."

मी खूप वेळ त्या कोऱ्या तुकड्याकडे बघत राहिले.
शिडी अजून दारातच होती.

घड्याळ आठ दिवसांच्या चावीचं, शिसवी पेटीचं.
शेजारी लाल आकड्यांची नवी पाटी,
पाचही वेळा सेकंदासकट सांगणारी.
मग हे कशाला दुरुस्त करायचं?
"टिकटिक नसली," ते म्हणाले,
"की ही खोली ऐकू येत नाही."

मी पेटी खिळ्यावरून उचलली,
आणि भिंतीतून कुणीतरी बघितल्यासारखं झालं.

पेटीच्या आकाराचा एक आयत:
गर्द निळा, त्यावर साच्याने उठवलेली पानं,
देठ बारीक, गेरूचे,
कडेला ब्रश अडखळल्याची एक रेघ.
बाकी सगळी भिंत सायीच्या रंगाची.
कितीदा रंगवली असेल, कोण जाणे.
दर वेळी रंगारी घड्याळाला वळसा घालून गेला.
"देंवयतलो कोण?" करोलबाबा हसले.
"पडलं तर भरून कोण देणार?"

म्हणजे सगळी भिंत अशी होती एकेकाळी.
मी डोळे मिटून ती पानं
कोपऱ्यापर्यंत नेऊन पाहिली, खिडकीवरून, परत मेहराबपाशी.
निवळीचं ऊन त्या निळ्यावर कसं पडत असेल,
ते काही केल्या जमेना.

कमान तुटली होती. दुकानात आठवडा गेला.
गुरुवारी तोच रुमाल बांधून
मी घड्याळ पुन्हा टांगलं,
पण खिळा बदलला.
दोन बोटं उजवीकडे.

डावीकडे एक उभी निळी पट्टी उरली,
तीत दीड पान.

करोलबाबांनी आधी पेटी पाहिली, मग पट्टी, मग मला.
लंबक हलवून कान लावला.
बाहेर वजूच्या नळाखाली कुणीतरी पाय धूत होतं.

"रंगारी येतलो रमजानाआदीं," ते म्हणाले,
"ताका सांगतां.
रावूं दी तशेंच."

पैसे त्यांनी मोजून दिले. दहा रुपये सुटे नव्हते,
त्यांचे खजूर.